सोलापूर सोडावे की राहावे : पाखरांचा हिशेब माणसाला लागू पडतो का?

चाटी गल्ली :
मुलाला पुण्यात नोकरी मिळते आहे आणि महिनाभर घरात दुसरा विषय नाही, म्हणून हा चर्चेचा धागा. परिस्थितिकीतज्ज्ञ एरिक चार्नोव्ह यांनी १९७६ साली मांडलेला नियम असा, की एका जागी चरताना दर मिनिटाला मिळणारे खाद्य घटत घटत भोवतालच्या मुलखाच्या सरासरीवर आले, की पाखराने जागा सोडावी. ती पुरती रिकामी होईपर्यंत थांबणे तोट्याचे. गिरणी बंद पडल्यावर आमच्या वडिलांनी ‘आज ना उद्या भोंगा वाजेल’ म्हणत सहा वर्षे काढली. मुलाने जावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अशोक चौक :
असहमत. नियमाचा उत्तरार्ध आपण गाळलात : दुसरी जागा जितकी लांब, तितके आहे तिथेच अधिक थांबणे फायद्याचे. ज्वारीवर थव्याने उतरणाऱ्या आपल्या भोरडी पक्ष्याच्या युरोपातल्या भाऊबंदांवर, स्टार्लिंगांवर, १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात घरट्यापासून चारा जितका लांब ठेवला, तितक्या जास्त अळ्या पक्षी एका खेपेत चोचीत भरून नेत. आमच्याकडे चादरीचे दोन यंत्रमाग आहेत. ते भंगाराच्या भावाने काढायचे, घर विकायचे आणि घरात तेलुगू, दारात मराठी बोलणाऱ्या आईला हिंजवडीच्या सातव्या मजल्यावर नेऊन बसवायचे, हे सगळे त्या अंतरातच धरावे लागते.

चाटी गल्ली :
आपले पूर्वज तेलंगणातून इकडे आले, तेव्हा अंतर कमी होते का?

अशोक चौक :
पणजोबांचे मेहुणे आधीच इथे मागावर होते. इथली ‘सरासरी’ त्यांना घरबसल्या कळली होती.

नान्नज रस्ता :
पाखरू हिशेबीच असते, हे आपण दोघांनीही गृहीत धरले आहे. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. भोवतालचा माळ नांगराखाली गेला, विजेच्या तारा आल्या, तरी मादी ओळखीच्या माळावरच परतून बहुधा एकच अंडे घालत राहिली. आता एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. भोरडी मात्र ज्वारीचे एक शिवार संपले की थव्याने दुसरे गाठते, कारण तिची वीण मध्य आशियाकडे होते, इथे तिचे घरटेच नसते. म्हणून पगाराआधी विचारतो, मुलाचे लग्न झाले आहे का?

चाटी गल्ली :
मार्चमध्ये आहे. सूनबाई सोलापूरच्याच, इथे शाळेत कायम नोकरीवर आहेत.

अशोक चौक :
हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते.