‘निअर मिस’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा –
नमस्कार. सोलापूर, बार्शी, अक्कलकोटकडची काही मुलं जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशाच्या कामाचा, सहा महिन्यांचा कोर्स करून जहाजावर जातात. मराठी माध्यमात शिकलेल्या या मुलांसाठी मी सुरक्षेच्या शब्दांची एक वही तयार करते आहे. ‘निअर मिस’पाशी गाडी अडली आहे. अपघात होता होता राहिला, कुणाला लागलं नाही, काही मोडलं नाही, तरी जो लिहून कळवायचाच असतो, तो. ‘हुकलेला अपघात’, ‘निसटता अपघात’, ‘थोडक्यात टळलेला अपघात’ यांपैकी काय घ्यावं?

प्रतिसाद –
‘हुकलेला’ नकोच. गाडी हुकते, संधी हुकते, नेम हुकतो. जे हवं होतं तेच हुकतं. ‘निसटता’ म्हटलं की निसटता विजय आठवतो. संकट, अरिष्ट, अपघात हे टळतात. पण नवा शब्द घडवायचाच कशाला? ‘काळ आला होता पण वेळ आली नव्हती’ हे शेंबडं पोरही सांगेल. ‘जिवावरचं शेपटावर निभावलं’ हेही आहेच.

प्रतिसाद –
बाई, ‘टळलेला अपघात’ घ्या. म्हणी मात्र त्या जागी वापरू नका, अशी कळकळीची विनंती. मी जहाजाच्या इंजिन रूममध्ये नोकरी केली, निवृत्तीनंतर सोलापुरात परतलो.

‘काळ आला होता’ या वाक्याचा कर्ता बघा. काळ आला, वेळ आली नाही. माणूस कुठेच नाही, दोर नाही, शिडी नाही. म्हण उच्चारली की ऐकणारा मान डोलावतो आणि विषय मिटतो. जहाजावर टळलेला अपघात लिहायचा तो नेमका विषय मिटू नये म्हणून.

समजा, जहाज धक्क्याला बांधताय. विंचवर, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्रावर, दोर ताणला जातोय. कृत्रिम धाग्याचा दोर तुटला की ताणात साठलेली सगळी ताकद एकदम सुटते आणि टोकं मागे झेपावतात. त्या वाटेत उभ्या माणसाचा पाय जाऊ शकतो, जीवही. दोर तुटला, नव्या पोराच्या गुडघ्यापुढून सपकन गेला आणि कठड्यावर आदळला. दुसरा दोर लावला, काम पुढे सुरू. चहाला बसल्यावर कुणीतरी म्हणतं, ‘वाचलास लेका, आईबापाची पुण्याई!’ मायेनंच म्हणतं. पण तो दोर ज्या रोलरवरून जात होता, तो गंजून फिरायचा बंद झाला होता. दोर तिथे घासून झिजला होता. पुण्याईवर बोलणं संपलं तर रोलर तसाच राहतो आणि पुढच्या बंदरात नवा दोर त्याच जागी झिजू लागतो.

म्हणच हवी असेल तर दुसरी घ्या : ‘म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो.’ पहिल्या म्हणीतला काळ हात हलवत परत गेला. या म्हणीतल्या काळाला वाट सापडली आहे. मांजर दुधाला सोकावतं, तसा तो पुन्हा येणार. आणि काळ सोकावतो तसा माणूस निर्ढावतो. ‘गेल्या खेपेला बेल्ट न लावता चढलो, काय झालं?’ हे बेफिकिरीपेक्षा वेगळं आहे. बेफिकीर माणसाला फिकीरच नसते. निर्ढावलेल्याला नियम पाठ असतो, भीतीही ठाऊक असते. पुन्हा पुन्हा निभावल्यामुळे ती चेपलेली असते.

याचं ढळढळीत उदाहरण सांगतो. ६ मार्च १९८७ रोजी ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही फेरी बोट बेल्जियममधल्या झीब्रुगे बंदरातून पुढचे दरवाजे उघडे ठेवून निघाली. वाहनांच्या डेकवर पाणी घुसलं, बोट काही मिनिटांत कलंडली, १९३ माणसं गेली. दरवाजे लावण्याचं काम ज्याचं, तो सहायक सारंग (सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आपल्या केबिनमध्ये झोपला होता. सारंगानं ते उघडे पाहिले होते, पण ते लावणं त्याच्या कामात बसत नव्हतं. ब्रिजवर, म्हणजे जिथून कप्तान बोट चालवतो तिथे, दरवाज्यांची स्थिती दाखवणारा दिवा नव्हता. तो बसवा, असं कप्तानांनी आधीच कंपनीला सुचवलं होतं. आणि १९८३ साली त्याच कंपनीची दुसरी बोट डोव्हरहून अशीच दरवाजे उघडे ठेवून निघाली होती. तिथेही सहायक सारंग झोपलेलाच! ती बुडाली नाही. काळ आला होता, वेळ आली नव्हती. साडेतीन वर्षांनी आली.

या आणि अशा दुर्घटनांनंतर १९९३ मध्ये आयएसएम कोड, म्हणजे जहाजांच्या सुरक्षित व्यवस्थापनाचा आंतरराष्ट्रीय नियमसंच, मंजूर झाला. प्रवासी जहाजं, टँकर वगैरेंना तो १ जुलै १९९८ पासून आणि उरलेल्या बहुतेक मालवाहू जहाजांना २००२ पासून बंधनकारक आहे. अपघाताबरोबर धोक्याची परिस्थितीही कळवायची, तपासायची आणि पुन्हा घडू नये म्हणून उपाय करायचा, हे त्यात स्पष्ट आहे. कंपनीच्या कार्यालयात एक नेमलेली व्यक्ती असते, तिला थेट वरिष्ठ व्यवस्थापनापर्यंत जाता येतं. मुलांना हे जरूर सांगा. जहाजावर कुणी ऐकत नसेल तर दाद मागायला ती जागा आहे.

प्रतिसाद –
काका, आमच्याकडे यंत्रमागावर धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारी नळी, उडतो. कुणाला लागला नाही तर विणकर तो उचलतो, पुसतो, परत बसवतो. लागला तरच मालकाच्या कानावर जातं. नाहीतर ‘काय होतंय बे, चालू कर’. का उडाला, पट्टा सैल होता का, पेटी झिजली होती का, हे बघायला माग बंद ठेवावा लागतो आणि मजुरी नगावर असते. माग बंद म्हणजे पैसे बंद. तेव्हा नुसत्या शब्दानं माणूस सांगायला लागेल, असं वाटत नाही.

प्रतिसाद –
अगदी खरं बोललात. जहाजावर मजुरी नगावर नसते, पण पुढचं कंत्राट मिळेल की नाही ही धास्ती असतेच. म्हणून अर्जाच्या मथळ्यात ‘चूक’, ‘कसूर’, ‘निष्काळजीपणा’ यांपैकी काही नको. निष्काळजीपणा हा कोर्टाचा शब्द आहे. तो दिसला की कोण लिहील? ‘टळलेला अपघात’ यात आरोप नाही आणि नशीबही नाही.

आणखी एका शब्दप्रयोगाबद्दल पोटतिडकीनं सांगायचंय : ‘जिवाची पर्वा न करता’. बातमीत तो शोभतो. जहाजावर घातक आहे. बंद टाकीत किंवा नांगराच्या साखळीच्या खोलीत लोखंड गंजताना हवेतला ऑक्सिजन खातं. बाहेर तो २०.९ टक्के असतो. आत किती उरलाय ते डोळ्यांना कळत नाही, वासानंही कळत नाही. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा तसाच धावतो आणि दोघेही जातात. हे जगभर घडत आलंय. म्हणून २०१५ पासून अशा जागेत शिरण्याची व सुटकेची कवायत दर दोन महिन्यांनी करावी लागते. वहीत धाडसाची व्याख्या देणार असाल तर आधी आरडाओरडा करून माणसं बोलावणं, ऑक्सिजन मोजणारा मीटर आत सोडणं, श्वसनसंच चढवणं, हे सगळं त्यात येऊ द्या.

प्रतिसाद –
सोलापुरात समुद्र कुठला, असं कुणी म्हणण्याआधी : वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले. त्यांच्या सिंदिया या जहाज कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. सारंग, तांडेल, खलाशी, सुकाणू हे शब्द मराठीत कधीचे रुळलेत. सुरक्षेचे तेवढे रुळायचेत. बाई, ‘सेफ्टी कल्चर’ला काय ठरवलंत?

विचारणा करणारी –
‘सुरक्षा संस्कृती’ लिहिलं होतं, खोडलं. संस्कृती म्हटलं की मुलांना लेझीम आणि गड्ड्याची यात्रा आठवते. ‘सुरक्षेचं वळण’ घेते. वळण लावता येतं, लागतं, बिघडतंही. ‘टळलेला अपघात’ नक्की. नमुना नोंद अशी केली आहे : ‘कुणाला लागलं नाही. दोर बांधताना तुटला. मी त्याच्या वाटेत उभा होतो. रोलर फिरत नव्हता.’

प्रतिसाद –
उत्तम. ‘कुणाला लागलं नाही’ तेवढं शेवटी न्या. पहिल्याच ओळीत ते दिसलं तर वाचणारा पुढे वाचत नाही. रोलर सगळ्यात वर.