मदत हवी आहे: घराजवळचं सगळं फिरून झालंय, आता कुठे?

अर्धा रविवार

नमस्कार मंडळी. आयडीवरून कळलंच असेल, माझ्या वाट्याला रविवारची फक्त सकाळ येते. सहाला बाहेर पडायचं आणि बाराच्या ठोक्याला घरात हजर. सोबतीला अकरा वर्षांची मुलगी. चालायला दोघंही तयार असतो, अडचण वेगळीच आहे. या घरात नऊ वर्षं राहतोय. मागची टेकडी आणि तळ्याची फेरी आता डोळे मिटून करू शकतो. परवा मुलगी म्हणाली, "बाबा, आज टेकडी उलटी चढू या का, म्हणजे पाठीमागे चालत?" तेव्हाच म्हटलं, आता धागा काढायलाच हवा.

मागच्या महिन्यात एक पूर्ण दिवस मिळाला होता. तीन तास गाडी हाकून एका नावाजलेल्या ठिकाणी गेलो. गाडी लावायला जागा शोधण्यात पाऊण तास, कड्यावर रांगेत वीस मिनिटं, मग परत तीन तास. रात्री मुलीने विचारलं, "आपण गाडी फिरवायला गेलो होतो का?" यावर काय बोलणार!

"जवळपासची ठिकाणं" म्हणून शोधलं की फिरून फिरून तीच नावं येतात, फोटोही तेच. अर्ध्या तासापेक्षा जास्त गाडी नको, नवं सामान नको. थोडं धाडस वाटेल असं काही सुचवा.

पायपीट

आधी एक हिशेब. घर मध्यभागी धरून नकाशावर पाच किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. आत साधारण ७८ चौरस किलोमीटर जागा येते. त्यातली तुम्ही पाहिलीत ती एक टेकडी आणि एक तळं. "सगळं फिरून झालं" हे शीर्षक मागे घ्या बघू!

नकाशा मात्र ओपनस्ट्रीटमॅपचा घ्या. २००४ पासून लोक तो स्वतः चालून, तपासून भरत आलेत, त्यामुळे गाडीच्या नकाशात नसलेल्या पायवाटाही त्यात बारीक तुटक रेषांनी दिसतात. शेजारी उपग्रहाचं चित्र उघडा. चित्रात वाट आहे आणि नकाशात नाही, अशी जागा सापडली की रविवारची सोय झाली.

आणि लाजू नका हो. अ‍ॅलस्टेअर हम्फ्रीज नावाचा माणूस सायकलने जगप्रदक्षिणा करून आला आणि नंतर, २०११ च्या जानेवारीत, लंडनभोवतीच्या एम२५ या वर्तुळाकार महामार्गाच्या कडेकडेने पायी फिरला. घराजवळच्या अशा भटकंतीला तो 'मायक्रोअ‍ॅडव्हेंचर' म्हणतो.

कडेलोट

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. घरामागे फिरण्याला साहस म्हणायचं असेल तर मी रोज जिना चढतो तेही साहसच. पूर्ण दिवस काढा, दोर-हार्नेस शिका, मग बोलू.

अर्धा रविवार

@कडेलोट, पूर्ण दिवस असता तर आयडी 'अख्खा रविवार' घेतला असता.

@पायपीट, ७८ वाचून गार झालो. मुलीने कागदावर गुणाकार करून खात्री करून घेतली.

रात्रपाळी

जागा बदलू नका, वेळ बदला. सकाळच मिळते म्हणता ना, मग सहाऐवजी चारला निघा. तीच टेकडी अंधारात चढून वर उजाडताना पोचायचं. मी गेली चार वर्षं एकाच टेकडीवर जातोय, कंटाळा आलेला नाही.

पौर्णिमेच्या आसपास पहाटे चंद्र पश्चिमेला उतरत असतो. मोकळ्या वाटेवर विजेरी न लावताही चालता येतं, स्वतःची सावली पुढे पडते. अमावास्येच्या बाजूला गेलात तर तारे बघायला. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की ती कमाई गेली. विजेरीला लाल कागद लावा. डिसेंबरात १३-१४ तारखेच्या सुमारास मिथुन राशीतला उल्कावर्षाव असतो, मुलीला तेव्हा न्याच.

एकच अट: अंधारात नवी वाट धरायची नाही. पाठ असलेलीच घ्यायची. तुमचा कंटाळा इथे कामी येईल.

ओढाळ

घराजवळ ओढा आहे का? नाला, पाट, काहीही चालेल. तो येतो कुठून, सांगता येईल? बहुतेकांना येत नाही. रोज पुलावरून ओलांडतो आणि विसरतो. पुलापासून पाण्याच्या उलट दिशेने उगमाकडे चालत सुटा. नकाशाची गरज नाही, चुकायची भीती नाही, आणि प्रत्येक वळणापलीकडे काय आहे ते माहीत नसतं. मला साहस यालाच म्हणावंसं वाटतं. (कडेलोटराव, जिन्याचं वळण तुम्हाला ठाऊक असतं.)

वेळेचा अंदाज जपून. पायवाटेसाठी नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा आहे: पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. ओढ्यात हा हिशेब पार कोलमडतो. गोटे, चिखल, झुडपं, आणि मुलगी दर दहा पावलांवर वाकून बघणार. तासाला एक किलोमीटर धरा. नऊ वाजता असाल तिथून मागे फिरायचं, उगम दिसत असला तरी. घरी कुणाला तरी वाट सांगून ठेवा.

वरच्या बाजूला पाऊस पडला असेल तर जाऊच नका. चालताना पाणी गढूळ व्हायला लागलं किंवा काटक्या-पाचोळा वाहत यायला लागला, तर तिथल्या तिथे काठ चढून वर. आकाश निळं असलं तरीही.

बांधावरची बाई

ओढाळ यांचं पटलं, फक्त एक भर घालते. काठाची जमीन कुणाच्या तरी मालकीची असते. आमच्या शेतातून लोक न विचारता जातात, फाटक उघडं टाकतात, मग गुरं शोधत मी फिरते. समोर माणूस दिसला की आधी आपण हाक मारायची, कुठे चाललोय ते सांगायचं. विचारणाऱ्याला आजवर नाही म्हटलेलं आठवत नाही, उलट पुढची वाटच सांगते.

अर्धा रविवार

ओढा आहे! पुलावरून रोज दोनदा जातो. नऊ वर्षांत एकदाही खाली उतरलेलो नाही, हे लिहिताना स्वतःचंच हसू येतंय. या रविवारी जाऊन आलो की कळवतो.

अर्धा रविवार

आलो जाऊन. उशीर झाला लिहायला, बूट धुण्यात वेळ गेला.

तीन तासांत जेमतेम अडीच किलोमीटर. पहिला अर्धा तास निव्वळ प्लास्टिक आणि वास, मुलगी नाक दाबून चालत होती, मीही परतायच्या बेतात होतो. तिसऱ्या वळणानंतर पाणी निवळलं. पुढे एका शेतात आजोबा भेटले, बांधावरच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे आधीच हाक मारली. त्यांनी वरची वाट दाखवली आणि मुलीच्या हातात काठी दिली. काठी घरी आलीय, दारामागे उभी आहे.

नऊला मागे फिरलो तिथे ओढा एका रस्त्याखालच्या मोठ्या पाइपातून बाहेर येतो. आत शिरलो नाही, काळजी नसावी.

आता एक प्रश्न. पाइपाच्या थोडं अलीकडे मातीची उभी दरड आहे, माणसाच्या दीडपट उंच. तिच्यात वरच्या बाजूला एकच गोल भोक, मूठ जाईल एवढं. खाली पांढरे ओघळ आलेले. मुलगी म्हणते साप. काय असेल?

रात्रपाळी

ओघळ पांढरे असतील तर पक्ष्याची विष्ठा. पाण्याच्या काठी, उभ्या दरडीत, एकटंच बीळ, म्हणजे बहुधा खंड्या. चोचीने माती उकरून आडवा बोगदा काढतो, टोकाशी अंडी घालायची खोली. बोगदा आत जाताना किंचित चढता असतो. जवळ जाऊन आत डोकावू नका आणि काठीला तर मुळीच लांब ठेवा. पलीकडच्या काठावर, वीसेक पावलं मागे, झुडपाआड अर्धा तास गप्प बसा. बीळ वापरात असेल तर मासा घेऊन येताना दिसेल.

अर्धा रविवार

अर्धा तास गप्प बसायचं म्हटल्यावर मुलीने मलाच विचारलं, "तुला जमेल का?"

चारचा गजर लावलाय.