गच्चीवरच्या जिमचा फ्लेक्स: चार तोंडं कुणाची?

शनिवार, रात्री ८:४०

सेक्रेटरी: सर्व सभासदांस कळविण्यात येते की, गच्चीवरील व्यायामखोलीचे उद्घाटन पुढील रविवारी आहे. आतल्या भिंतीवर ६ बाय ४ फुटांचा फ्लेक्स लावायचा असून त्यावर मिक्स्ड मार्शल आर्ट्समधले (ठोसे, लाथा, कुस्ती सर्व चालणाऱ्या लढती) 'सर्वकाळचे चार महान' घ्यावेत असा मुलांचा आग्रह आहे. उद्या दुपारी १२ पर्यंत नावे द्यावीत, फ्लेक्सवाला नंतर घेणार नाही. तसेच उद्या पाण्याची पाळी आहे, मोटर पहाटे ५ ला चालू होईल.

बंटी बी-३०४: ह्यात विचारायचं काय? जॉन जोन्स, खबीब नूरमागोमेदोव, अँडरसन सिल्वा, जॉर्ज सेंट-पिएर. झालं.

पिंट्या ए-३०३: खबीब मधोमध पाहिजे बे. बाकीचे कुठं का असंनात.

काकू सी-१०१: व्यायामशाळा आहे तर मारुतीरायाचा फोटो लावा ना. ते उघडे, रक्ताने माखलेले पुरुष कशाला लहान मुलांसमोर?

अप्पा ए-१०२: काकू मारुती फ्लेक्सवर नसतो. त्याला कोनाडा लागतो, शनिवारी तेल लागतं. तो येगळा बसवू, नारळ माझ्याकडून. आता पोरांनो ह्या खरीप नूर मोहम्मदचं सांगा, तो कुणाकुणाला पाडला

बंटी बी-३०४: 😂😂 खरीप

अप्पा ए-१०२: बोलून टाईप करतोय बाबा. फोन आपल्या मनानं लिहितो

पिंट्या ए-३०३: अप्पा, २९ लढती, २९ विजय. एकदापण हरला नाही. २०१८ ला मॅकग्रेगरची मान आवळली, २०१९ ला पॉइरिये, ऑक्टोबर २०२० ला अबुधाबीत गेथजीला पायाच्या कात्रीत गुदमरवला आणि तिथंच मॅटवर बसून रडला. वडील जुलैत गेले होते, तेच वस्ताद. आईला शब्द दिला होता, वडिलांशिवाय परत उतरणार नाही. नाही उतरला. असा माणूस बाजूला लावायचा?

अप्पा ए-१०२: गडी चांगला हाय. नातवानं दाखवला मला. तिकडं दागेस्तानात पोरगं चालाय लागलं की मातीत सोडत्यात, आपल्याकडं पूर्वी सोडत होते तसं. त्याची पकड बघा, खाली घेतला की समोरच्याचे पाय आपल्या पायात गुतवून ठेवतो, उठूच देत नाही. पण गदा किती वेळा राखली?

पिंट्या ए-३०३: तीन

अप्पा ए-१०२: तीनच

बंटी बी-३०४: तेच म्हणतोय मी! जोन्स बघा. मार्च २०११ ला २३ व्या वर्षी शोगुनला हरवून विजेता. तिथून सप्टेंबर २०१२ पर्यंत रॅम्पेज, माचिदा, इव्हान्स, बेलफोर्ट. ओळीनं सगळे कधी ना कधी पट्टा कमरेला बांधलेले. मग २०२३ ला हेवीवेटला जाऊन सिरिल गानला पहिल्याच फेरीत गळा धरून संपवला. आयुष्यात एकच हार आणि तीपण पंचांनी बाद केला म्हणून, २००९ ला. कोपर सरळ वरून खाली मारलं तर चालत नव्हतं. तो नियम २०२४ ला काढूनच टाकला!

फिजिओ ताई सी-२०१: बंटी, बाकीचं पण सांग की. २०१६ ला उत्तेजकांच्या चाचणीत सापडला, वर्षभर बंदी. २०१७ ला कॉर्मिएला पाडलं, परत सापडला, तो विजयच रद्द केला. २०१८ च्या डिसेंबरला लास वेगासमधला अख्खा कार्यक्रम आठवड्यावर आलेला असताना उचलून कॅलिफोर्नियात नेला, ह्याच्या एकट्याच्या चाचणीपायी. माझ्याकडे जिममधली पोरं येतात, कुठलं तरी इंजेक्शन घेऊन खांदा सुजवून. त्यांच्या भिंतीवर मी हे तोंड लावू देणार नाही.

बंटी बी-३०४: मग सिल्वापण काढा ताई, तोही सापडला होता २०१५ ला

फिजिओ ताई सी-२०१: काढा. जड मनाने, पण काढा. त्याने ओळीने १६ लढती जिंकल्या, दहा वेळा पट्टा राखला, ते सगळं आधीचं आहे हे मला माहीत आहे. २०१० ची सॉनेनशी लढत मी किती वेळा बघितली असेल! साडेचार फेऱ्या खाली पडून मार खातो आहे, वर बसलेला सॉनेन हाणतो आहे, शेवटची दोनेक मिनिटं उरलीत, आणि खालूनच दोन्ही पाय मानेभोवती टाकून हात ओढला. संपलं.

काकू सी-१०१: अगं बाई. आणि जेवणाच्या वेळेला बघतेस हे?

अप्पा ए-१०२: एक सांगू का. आमच्या तालमीत वस्ताद एकच गोष्ट धरून बसायचे. जो हरलाच नाही त्याचं काय कौतुक, त्याला आजून त्याचा बाप भेटला नसंल. हरल्यावर त्याच गड्याशी परत सलामी घेतली का, ते बघा म्हणायचे. गामा पैलवान १९१० ला लंडनला झिबिस्कोशी लढला. तो झिबिस्को अडीच तास पोटावर पडून राहिला मगरीसारखा, उठंचना. बरोबरीत सोडवली. १९२८ ला पतियाळ्यात परत जोड लावली, मिनिटाच्या आत आसमान दाखवलं. १८ वर्षं डोक्यात ठेवला असंल तो माणूस

अप्पा ए-१०२: तसा ह्या कुस्तीत कोण हाय ते सांगा. त्याला लावा

(अकरा मिनिटं कुणीच काही लिहिलं नाही. बंटी टाईप करत होता, थांबत होता, परत टाईप करत होता.)

बंटी बी-३०४: मग सेंट-पिएर. २००४ ला ह्यूजनं पहिल्या फेरीचा एकच सेकंद उरला असताना हात लॉक करून हरवला. २००६ ला त्याच ह्यूजला लाथेनं पाडून पट्टा घेतला. डिसेंबर २००७ ला तिसऱ्यांदा भेटले, तेव्हा हात लॉक करूनच हरवला, ज्या डावानं हरला होता त्याच डावानं. मधे एप्रिल २००७ ला सेरानं ठोशांनी झोपवला, कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. बरोबर वर्षानं त्याला स्वतःच्या मॉन्ट्रियलमधे गाठून हिशोब मिटवला. एकूण २६ जिंकल्या, दोन हारल्या, दोन्हींची फेड. लई भारी आहे खरं, मीच त्याला चौथ्या नंबरला टाकला होता.

अप्पा ए-१०२: हां. त्याची पट काढायची येळ बघा. कराटेतलं पोरगं ते, कुस्ती मागनं शिकलं. समोरच्याच्या तोंडावर डावा हात टाकतो, तो बिचारा मान मागं घेतो, तवर हा गुडघ्यात घुसलेला. खडाखडी नाही, मानेची झोंबाझोंबी नाही

पिंट्या ए-३०३: पण अप्पा, तुम्हाला निकाली कुस्ती आवडते ना? २००८ नंतर त्यानं बहुतेक सगळ्या गुणांवर काढल्या. पाच फेऱ्या नुसता वर बसून.

अप्पा ए-१०२: ते खटकतं खरं. जत्रेच्या फडात असं केलं असतं तर हलगीवाला घरी गेला असता. तरी लावा

फिजिओ ताई सी-२०१: अप्पांच्या नियमाने माझी दोन नावं. अमांडा नुनेस. २०१६ ला राउझीला ४८ सेकंदांत, २०१८ ला १३ वर्षं न हरलेल्या सायबॉर्गला ५१ सेकंदांत. दोन वजनांचे पट्टे एकाच वेळी. २०२१ ला पेन्याकडून हरली, सगळं जग हसलं. जुलै २०२२ ला पाचही फेऱ्या तिला बदडून पट्टा परत. आणि गच्चीवर मुलीही येणार आहेत, सेक्रेटरी साहेब, वेळापत्रकात सकाळी ७ ते ८ त्यांचंच आहे.

काकू सी-१०१: बाई आहे का? मग लावा. कपडे नीट असलेला फोटो घ्या फक्त.

फिजिओ ताई सी-२०१: दुसरा डिमेट्रियस जॉन्सन. वजन ५७ किलो, म्हणजे आपल्या सोसायटीतली निम्मी पोरं. ११ वेळा पट्टा राखला, सिल्वापेक्षा एक जास्त. २०१७ ला बोर्गला मागून कवेत घेऊन वर फेकला आणि तो खाली येईपर्यंत हवेतच त्याचा हात पकडला. मॅटला पाठ टेकली तेव्हा कोपर लॉक होत आलं होतं. मी रोज कोपरांवर काम करते, मला ते बघताना स्वतःचं कोपर धरावंसं वाटतं. पुढे तो आशियात लढायला गेला, २०२१ ला मोराइसने गुडघा मारून झोपवला. २०२२ ला त्याच मोराइसला ह्याने उडी मारून गुडघ्यानेच झोपवलं.

अप्पा ए-१०२: गुडघ्याला गुडघा. घ्या घ्या. बारक्या चणीचा माणूस पाहिजेच, नाहीतर पोरं नुसती अंडी खात बसत्यात

बंटी बी-३०४: तीन झाले. चौथा जोन्स, ताई प्लीज

फिजिओ ताई सी-२०१: नाही.

पिंट्या ए-३०३: चौथा खबीब. न हारणं हा गुन्हा आहे का बे? बाप भेटला नाही म्हणजे त्याची चूक?

अप्पा ए-१०२: चौथा तो रशियाचा जाड्या. फेडोर. २००४ ला त्या रँडलमननं पाठीमागनं उचलून असा डोक्यावर आपटलाय, मला वाटलं मान गेली. हा गडी खाली पडल्या पडल्या सरकला, वर आला, दीड मिनिटात त्याचाच हात पिरगाळून जिंकला. तोंडावर कायबी नाही, भाजी आणाय निघाल्यावानी

पिंट्या ए-३०३: अप्पा, तो २०१० ला वेर्डुमकडून ६९ सेकंदांत हारला आणि त्याच्याशी परत कधी लढलाच नाही. तुमचाच नियम!

अप्पा ए-१०२: नियम सगळ्यांना नसतो लावायचा

पिंट्या ए-३०३: असं असेल तर मग राहू द्या

(पिंट्या ए-३०३ यांनी ग्रुप सोडला)

सेक्रेटरी: कृपया त्यांना परत घ्या. उद्या मोटर चालू करायची पाळी ए-३०३ ची आहे.

(बंटी बी-३०४ यांनी पिंट्या ए-३०३ यांना ग्रुपमध्ये घेतले)

सीए काका बी-२०२: आपला भारतीय कुणी नाही का यात?

बंटी बी-३०४: काका, पूजा तोमर आहे. जून २०२४ ला यूएफसीत (ह्या लढतींची सगळ्यात मोठी संस्था) जिंकणारी पहिली भारतीय महिला. पण सर्वकाळच्या यादीत आत्ताच कसं बसवणार? अजून लढतीये ती.

अप्पा ए-१०२: दहा वर्षांनी नवीन फ्लेक्स लागंल तेव्हा बघू. तवर हा फाटलेला असंल

रविवार, सकाळी ११:३५

बंटी बी-३०४: साहेब, सेंट-पिएर, नुनेस, डिमेट्रियस जॉन्सन नक्की. चौथ्यावर मतदान टाकलंय: खबीब ९, जोन्स ९, फेडोर १ (अप्पा). तुम्हीच निकाल द्या.

सेक्रेटरी: फ्लेक्सवाल्याशी बोलणे झाले. खालच्या पट्टीत अध्यक्ष, सचिव, खजिनदार व चार सदस्यांचे फोटो 'शुभेच्छुक' म्हणून येतील. त्यामुळे वर तीनच तोंडे बसतात. जी नक्की झाली ती पाठवली आहेत.

पिंट्या ए-३०३: 🙏 चालेल. जोन्स नाही ना, मग चालेल.

अप्पा ए-१०२: साहेब तुमच्या पट्टीतल्या सात जणांत कुणी हरलेल्या गड्याशी परत लढलंय का

सेक्रेटरी: टाकी भरली आहे. ए-३०३ यांनी मोटर बंद करावी.