मदत हवी आहे: तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) पातळ सार, वाळूची कचकच न लागता

नमस्कार. रविवारी सासूबाई येणार आहेत. त्या मालवणच्या, पण गुडघ्यांमुळे वर्षभर गावी जाता आलं नाही. त्यांच्यासाठी तिसऱ्यांचं सार करायचंय. सुकं नको, एकशिपी (एका शिंपीतच मांस ठेवून करतात ते) पण नको. भातावर घेऊन उरलेलं वाटीने पिता येईल असं पातळ. पुण्यातल्या गणेश पेठेच्या मासळी बाजारातून सकाळीच किलोभर आणेन.

मागच्या वेळी साध्या पाण्यात तासभर ठेवल्या, तरी घासागणिक वाळू. आता १ लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे जवळपास समुद्राइतकं खारं पाणी करून अंधारात ठेवणार आहे. पण बर्फातून पुण्यापर्यंत आलेल्या तिसऱ्या वाळू सोडतात का? किती तास ठेवता?

टिचकी मारूनही न मिटणाऱ्या मी टाकून देते. वाफवताना सुटलेलं पाणी फडक्यातून गाळून सारात घालते, सगळी चव त्यातच असते. मीठ शेवटी, चाखूनच.

अडतंय ते पुढे. नारळाचं दूध आणि आमसुलं एकत्र आली की माझं सार फुटतं. आधी काय घालू? आणि चिवट होऊ नयेत म्हणून तिसऱ्या सारात नेमक्या कधी सोडता? कोकणातल्या ताई-काकूंनो, जरूर सांगा.