मुस्लिम मरियमचे ‘भक्त’ असतात का?

भाषांतरकर्ता
तुर्कस्तानात सेल्चुक गावाजवळ, जुन्या इफिससच्या वरच्या डोंगरावर ‘मेर्येम अना एवी’ नावाचं एक छोटं दगडी घर आहे. येशूची आई शेवटची वर्षं तिथे राहिली अशी श्रद्धा. १८९१ मध्ये लाझरिस्ट या कॅथलिक संघाच्या पाद्र्यांनी ते पडकं घर शोधून काढलं. पुढे तीन पोप तिथे जाऊन आले. ख्रिस्ती यात्रेकरू जातात आणि तुर्की मुस्लिम कुटुंबंही जातात. झऱ्याचं पाणी पितात, बाहेरच्या भिंतीला चिंध्या नि कागद बांधतात.

यावरच्या एका लेखाचं भाषांतर करताना मी ‘मुस्लिम भक्त’ लिहिलं. संपादकांनी लाल रेघ ओढून समासात विचारलं, ‘मुसलमान भक्त कसा? भाविक करा.’ ‘भाविक’नं फक्त रंग फिका होतो, प्रश्न तोच राहतो असं मला वाटतं. जाणकारांनी सांगावं.

दापोलीवाली
संपादकांचं निम्मं बरोबर आहे. ‘भक्ती’ म्हटलं की आम्हा मुस्लिमांच्या कानाला आधी ‘इबादत’, म्हणजे उपासना, ऐकू येते, आणि इबादत अल्लाहखेरीज कुणाचीच नाही. पैगंबरांचीसुद्धा नाही. हजरत मरियमबद्दल मनात जे असतं त्याला अकीदत म्हणजे श्रद्धा म्हणतात, एहतराम म्हणजे आदर म्हणतात. एखाद्या पवित्र जागी जाणं ती जियारत. तिथे काही मागितलं आणि ते झाल्यावर बोललेलं फेडलं, ती मन्नत. आता मन्नत धरावी की नाही यावर एकाच घरात भांडणं असतात. माझी आजी दर्ग्यावर मन्नत धरायची आणि मामा तिला दरवेळी सुनवायचे. आजी ऐकून घ्यायची आणि पुढच्या उरुसाला परत जायची.

पण आदर किती, ते बघा. कुराणात नावानं उल्लेख असलेली स्त्री एकच, मरियम. एकोणिसावी सूरा, म्हणजे अध्याय, तिच्या नावाची. तिसऱ्या सूरेत तिच्या जन्माची गोष्ट येते: पोटातलं मूल आईनं देवाच्या सेवेला वाहिलं, मुलगी झाली, जकरिया नबींनी (नबी म्हणजे संदेष्टा) तिला सांभाळलं. ते मेहराबमध्ये, तिच्या प्रार्थनेच्या जागी, तिच्याकडे जात तेव्हा तिच्यापाशी अन्न ठेवलेलं असे. कुठून आलं विचारलं, की ती म्हणे, अल्लाहकडून. हे वचन, ही आयत, कितीतरी उस्मानी (ऑटोमन तुर्की) मशिदींत मेहराबीच्या वर कोरलेलं आहे. म्हणजे इमाम ज्या कोनाड्याकडे तोंड करून उभा राहतो, तिथे मरियमची गोष्ट!

आणि शब्दांचीच चर्चा आहे म्हणून सांगते. आमच्याकडे मुलींची ‘अझरा’ आणि ‘बतूल’ ही नावं असतात. दोन्हींचा अर्थ कुमारी, दोन्ही मरियमच्या बिरुदांतली. बतूल हजरत फातिमांनाही म्हणतात. स्पेनमधल्या कोर्दोबाचे जुने धर्मपंडित इब्न हज्म तर मरियमला नबीच मानत. बहुतेक आलिमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, ते मान्य केलं नाही, पण असा प्रश्न पडू शकला हेच केवढं.

लॅटिनवेडा
भाषांतरकर्ते, तुमच्या मूळ लेखातल्या शब्दामागे बहुधा एक लॅटिन वाक्य उभं आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ रोजी इतर धर्मांविषयी जी घोषणा काढली, ‘नोस्त्रा एताते’, तिच्यात मुस्लिमांवर एक परिच्छेद आहे. येशूला ते देव मानत नसले तरी संदेष्टा मानतात, असं सांगून मग मरियेबद्दल दोन क्रियापदं येतात. पहिलं ‘होनोरांत’, म्हणजे सन्मान करतात. दुसऱ्याच्या आधी दोन शब्द लागले आहेत: ‘आलिक्वांदो’, कधीकधी, आणि ‘देवोते’. ते क्रियापद ‘इन्व्होकांत’. मराठीत मी असं करीन: ‘ते तिचा सन्मान करतात आणि कधीकधी भक्तिभावाने तिचा धावाही करतात.’

‘देवोते’ हे क्रियाविशेषण आहे, नाम नाही. हाक कशी मारली ते सांगतं, हाक मारणारा कोण ते सांगत नाही. मराठीत ‘भक्तिभावाने’ खपून जातं, कारण तो त्या क्षणाचा भाव आहे. ‘भक्त’ लिहिलंत की माणसावर शिक्का बसतो. विठ्ठलभक्त, दत्तभक्त, तसा मरियमभक्त. सेल्चुकच्या भिंतीला चिंधी बांधून संध्याकाळी नमाज पढणाऱ्या बाईला तो शिक्का मान्य होणार नाही.

‘भाविक’लाही माझी हरकत नाही, पण तो शब्द वर्तमानपत्रांनी पार गुळगुळीत केलाय. बस उलटली की आतले सगळे भाविकच असतात.

नगरकर
मी अहमदनगरच्या प्रोटेस्टंट घरातला. ‘ख्रिस्ती लोकांना याबद्दल काय वाटतं’ असं एका दमात विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. आमच्याकडे मरीयेचा धावा खुद्द ख्रिस्त्यांनीही करू नये असं शिकवतात. पहिले तीमथ्य, दुसरा अध्याय, पाचवं वचन: देव आणि माणसं यांच्यात मध्यस्थ एकच. त्यामुळे मुस्लिम बायका मरीयेपुढे मेणबत्ती लावतात हे ऐकलं की आमची जुनी मंडळी म्हणत, ‘कॅथलिकांची सवय लागली त्यांना.’

दुसरं म्हणजे, ‘दोघांची मरियम एकच’ असं वाक्य लेखात असेल तर जपून. कुराणात येशूचं नाव वारंवार ‘ईसा इब्ने मरियम’ असं येतं. अरबी रीतीनं बापाचं नाव यायचं, इथे आईचं येतं, कारण बाप नाही. कुमारीपोटी जन्म दोघांनाही मान्य. पण ख्रिस्ती माणूस त्यातून ‘म्हणून तो देवाचा पुत्र’ इकडे जातो, आणि कुराण ‘म्हणून तो मरियमचा पुत्र, देवाचा नव्हे’ असं बजावतं. इफिससलाच ४३१ मध्ये धर्मपरिषद भरली आणि तिनं मरीयेला ‘थेओतोकोस’, देवाला जन्म देणारी, म्हणायचं ठरवलं. ज्या डोंगरावर हे घर आहे त्याच्या पायथ्याशी ठरलेला हा शब्द मुस्लिम माणूस उच्चारूही शकत नाही. लेखात हे आलं नसेल तर चित्र फारच गोड होईल.

दापोलीवाली
नगरकर, हे बरोबर. आमच्याकडून ‘नबीची आई’ इथवरच. त्याच्या पुढचं पाऊल म्हणजे शिर्क, अल्लाहच्या बरोबरीला कुणाला बसवण्याचं पाप.

मात्र या कौतुकाच्या दुसऱ्या टोकाबद्दलही लिहा. अमेरिकेतले बिशप फुल्टन शीन यांनी १९५२ मध्ये असं मांडलं की मुस्लिमांचा मरियमबद्दलचा हा आदरच त्यांना शेवटी ख्रिस्ताकडे आणेल. त्यांचा भर होता पोर्तुगालच्या फातिमा गावावर. १९१७ मध्ये तिथे मरियेनं दर्शन दिलं अशी कॅथलिक श्रद्धा, आणि गावाचं नाव अरबांच्या काळातलं, पैगंबरांच्या लेकीचं. योगायोग गोड आहे, पण आमचा आदर म्हणजे कुणाच्या दाराची पायरी म्हटलं की आम्ही अंग चोरून घेतो. त्यापेक्षा लेबनॉननं केलं ते मला आवडतं. २५ मार्च, म्हणजे देवदूतानं मरियमला बातमी दिली तो दिवस, २०१० पासून तिथे दोन्ही धर्मांची मिळून राष्ट्रीय सुट्टी आहे. दोन्ही ग्रंथांत तो प्रसंग आहे, कुणाला काही सोडावं लागत नाही.

वसईकर
चर्चा फार वर गेली, जरा खाली आणतो.

आमच्या कॅथलिक चर्चच्या शिकवणीत तीन खण आहेत. आराधना फक्त देवाची. संतांना वंदन. मरियेला त्याहून थोडं जास्त, विशेष वंदन. धर्मशिक्षणाच्या वर्गात हे पाठ करून घेतात. पण वांद्र्याच्या डोंगरावरच्या मरियेच्या जत्रेत कुणी हे खण उघडून बघत नाही. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू होऊन आठवडाभर चालते. मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला असतात. ज्याचं जे दुखतं त्यानं ते वाहायचं. बुरखा घातलेल्या बायका मेणाचं बाळ घेताना मी लहानपणापासून बघतोय. त्याला तिथे सगळे एकच शब्द वापरतात, नवस. फुलवाली हिंदू, घेणारी मुस्लिम, देवी ख्रिस्ती, शब्द मराठी.

आणि तिथल्या मरियेचं नाव? ‘मोत माउली’. मोत म्हणजे पोर्तुगीज ‘मोंते’, डोंगर. त्याला आपली माउली जोडली. ज्ञानोबांनाही माउली म्हणतात आणि पावसालाही, मग हिला का नाही.

आता खरी गंमत. गोव्यात मरियेला कोकणीत ‘सायबीण’ म्हणतात. म्हापशाची मिलाग्र सायबीण तर हिंदूंनाही आपली, शिरगावच्या लईराईची बहीण मानतात, तेल वाहतात. सायबीण म्हणजे सायबाचं स्त्रीलिंग, आणि साहेब हा शब्द अरबी! पोर्तुगीजांनी ‘नोस्सा सेन्योरा’, म्हणजे आमची स्वामिनी, आणलं, गोंयकारानं त्याला अरबी शब्दाला कोकणी प्रत्यय लावून बसवलं. मुस्लिम मरियमला काय म्हणतात याची चर्चा करताना ख्रिस्ती तिला अरबी शब्दानं हाक मारतायत, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

नवा वाचक
मरीआई हीच मेरी का? आमच्या गावात वेशीवर आहे.

वसईकर
नाही हो. ती मरीची आई, मरी म्हणजे पटकी, महामारी. पोर्तुगीजांशी काही संबंध नाही. नाव जुळलं इतकंच.

इतिहासवाचक
नाव जुळल्यानं झालेला आणखी एक घोटाळा. अकबराच्या आईचा, हमीदाबानूचा किताब होता ‘मरियम-मकानी’, मरियमच्या स्थानी असलेली. जहांगीरच्या आईचा ‘मरियम-उझ-झमानी’, आपल्या काळाची मरियम. ती आमेरची राजपूत राजकन्या. तरी फत्तेपूर सिक्रीत ‘मरियमचा महाल’ दाखवताना अकबराची एक ख्रिस्ती बायको होती अशी दंतकथा पसरली, कारण लोकांना वाटलं मरियम म्हटलं की ख्रिस्तीच. दरबाराच्या मनात ते कुराणातलं नाव होतं. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री सिक्रीला गेले, मरियेचं चित्र घेऊन. अकबरानं स्वतः येऊन चित्राला आदर दाखवला. पाद्र्यांना वाटलं बादशहा बाप्तिस्म्याच्या उंबऱ्यावर आहे. आदर आणि भक्ती यांतला फरक न कळल्याची किंमत त्यांनी पुढे बरीच वर्षं वाट बघून मोजली.

भाषांतरकर्ता
सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं केलंय: ‘जियारतीला आलेल्या मुस्लिम बायका भिंतीला चिंधी बांधतात आणि भक्तिभावाने तिला हाक मारतात.’ ‘भक्त’ काढला.

शीर्षकाचं मात्र अडलं. तुर्कीत ‘अना’ म्हणजे आई. ‘मरियम आईचं घर’ लिहिलं, तर घाईत वाचणाऱ्याला मरीआई दिसणार. ‘मरियम माता’ फार कॅथलिक वाटतं.

दापोलीवाली
वसईकरांनी वर दिलाय की. माउली.

भाषांतरकर्ता
‘मरियम माउलीचं घर’. पाठवतो. यावर लाल रेघ आली तर इथेच परत येईन.