माशाने गिळलेल्या सूक्ष्मप्लास्टिकचे पुढे काय होते?

वृंदा, मालवण: बांगडा साफ करताना आपण त्याची आतडी काढून टाकतो. परंतु माशाने गिळलेले प्लास्टिकचे बारीक कण त्याला पचतात, विष्ठेवाटे बाहेर पडतात, की आयुष्यभर अंगात साठत जातात? साठत असतील, तर मोठ्या माशात ते अधिक असतील असे समजावे का?

सुहास: पचत नाहीत, कारण पॉलिएथिलीन किंवा पॉलिस्टायरीन यांसारखे प्लास्टिक तोडू शकेल असे विकर माशाच्या पचनसंस्थेत नसते. बरेच कण गिळलेही जात नाहीत. चिलीच्या किनाऱ्याजवळील पाम रफ माशांच्या अभ्यासात असे दिसले की अन्नाविना एकटाच कण तोंडात आला, तर मासे तो बहुधा थुंकून टाकत. गिळलेला कण अन्नासोबत पुढे सरकतो, आणि त्याचा मुक्काम मासा व कण या दोहोंवर ठरतो. जठरच नसलेल्या गोल्डफिशला प्लास्टिकचे मणी व तंतू अन्नातून दिले, तेव्हा सुमारे ३३ तासांत त्यांतील ९० टक्के बाहेर पडले; हा वेग अन्नाच्या अवशेषांइतकाच होता. पाम रफच्या पोटात मात्र कण सरासरी ७ दिवस राहिले, आणि एखाद्या माशात तर ४९ दिवस. त्यामुळे आतड्यात मोजलेले कण हा माशाच्या अलीकडच्या खाण्याचा हिशेब असतो. मासा मोठा म्हणून त्याच्या आतड्यात प्लास्टिक जास्त, असे गृहीत धरता येत नाही.

मेधा: सुहास यांचे म्हणणे आतड्यापुरते योग्य आहे, पण अतिसूक्ष्म कणांना ते लागू करू नये. झेब्राफिशवरील २०१६ मधील प्रयोगात २० मायक्रोमीटरचे (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण कल्ले आणि आतडे यांतच आढळले, तर ५ मायक्रोमीटरचे कण यकृतापर्यंत पोहोचले होते. शिवाय कण बाहेर पडला तरी वाटेत त्यातील रसायने पाझरू शकतात, म्हणून तो निघून गेला एवढ्यावर मला निश्चिंत राहवत नाही.

वृंदा, मालवण: आभारी आहे. मग जवळा आणि तिसऱ्या यांचे काय? त्यांची आतडी तर आपण काढत नाही.

सुहास: आपली शंका रास्त आहे, कारण तिथे आतड्यातील सगळेच आपल्या पोटात जाते. जिवंत तिसऱ्या वाळू सुटावी म्हणून स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवल्या, तर काही कणही त्या बाहेर टाकतात, आणि मध्ये पाणी बदलले तर तेच कण पुन्हा आत ओढले जाण्याची शक्यता कमी होते. सुकवलेल्या जवळ्याबाबत हा उपाय नाही. धुतल्याने फक्त वरचे कण जातात.