मदत हवी आहे: 'स्ट्रेंजर्स इन पॅराडाइज'नंतर आधी काय वाचू?

नमस्कार मंडळी. टेरी मूर यांची 'स्ट्रेंजर्स इन पॅराडाइज' ही कॉमिक मालिका (1993 ते 2007) पॉकेट आकाराच्या सहा पुस्तकांतून नुकतीच संपवली. कॅचू, फ्रान्सीन आणि डेव्हिड अजून डोक्यातून जात नाहीत. चित्रांच्या मध्येच पानभर बारीक टाइपातला गद्य मजकूर येतो, तो मी चष्मा पुसून पुसून वाचला, एकही पान गाळलं नाही.

आता 2018 साली आलेली दहा अंकांची 'स्ट्रेंजर्स इन पॅराडाइज XXV' घ्यायची आहे. अडचण अशी की तिच्यात मूर यांच्या 'एको' (30 अंक), 'रेचल रायझिंग' (42 अंक) आणि 'मोटर गर्ल' (10 अंक) या मालिकांतली पात्रं येतात. 'एको'चे पहिले काही अंक मित्राकडून आणून वाचले, आवडले. बाकी दोन्ही वाचलेल्या नाहीत. नेटवर क्रम शोधायला गेले, तर दुसऱ्याच ओळीत शेवट सांगून टाकलेला दिसला, म्हणून शोध तिथेच थांबवला.

छापील प्रतीच हव्यात, टॅबवर माझे डोळे दुखतात. परदेशातून मागवायच्या म्हणजे खर्च बराच, सगळं एकदम घेणं जमणार नाही. भयकथा मला सोसत नाहीत, त्यामुळे 'रेचल रायझिंग' टाळता आली तर बरं.

ज्यांनी हे सगळं वाचलंय त्यांनी कथानक न फोडता सांगा: 'एको' पूर्ण करून थेट XXV घेतली तर कॅचूची गोष्ट नीट कळेल का, की 'रेचल रायझिंग' आधी वाचावीच लागेल?